घडीखालची रेषा

आश्विन उतरणीला लागला होता. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची सोनकीची पिवळी पखरण विरत चालली होती. गवताच्या हिरव्या अंगावर तांबूस, जीर्ण, जरतारी कळा चढू लागली होती. आणि साताऱ्याच्या कौलाकौलांवर पसरलेलं पहाटेचं धुकं, कुणी सोवळ्याचं ओलं वस्त्र झटकावं तसं, एका हिसक्यात उडून जात होतं.

मागे उरे ते ऊन. निर्मळ, निथळ, निरभ्र ऊन. पावसाने धुतलेलं, थंडीने अजून न शिवलेलं, दोन ऋतूंच्या मधल्या पोकळीतलं पोरकं ऊन.

ते ऊन परसदारी येई. तुळशीच्या मंजिरीवर क्षणभर थबके. मग ओसरी ओलांडून, माजघराच्या शहाबादी फरशीवरून सरपटत, उत्तरेच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबे. आत शिरावं की न शिरावं, अशा संकोचाने.

कारण उत्तरेच्या खोलीत आकार नव्हते.

चार भिंतींना टेकून उभे होते ते केवळ रंग. गेरूचा रंग, राखेचा रंग, ओल्या मातीचा, विझत्या निखाऱ्याचा, पिकल्या पानाचा रंग. रंगाशेजारी रंग, आणि मध्ये श्वासाएवढी फट. माणूस नाही, झाड नाही, पाखरू नाही. त्र्यंबक देवस्थळी यांची ही चित्रं पाहायला लांबलांबून लोक येत, आणि देवळात उभं राहावं तसे मुकाट उभे राहत. ‘निराकाराचा उपासक’ असं त्यांच्याविषयी कुणीसं छापलं होतं.

ते वाचून त्यांची पत्नी वेणू मनातल्या मनात हसली होती. उपासनेला पहाटे उठावं लागतं. हे तर आठ वाजेपर्यंत अंथरुणात.

उठत होती ती वेणू. चांदण्या मावळायच्या आत स्नान, मग सडा, मग तुळशीला पाणी, मग सहाणेवर चंदनाचं खोड फिरवत मनात चालणारा जप. सासष्ट वर्षांचं तिचं कृश, गौर, कापरासारखं अंग त्या घरात असं वावरे, की भांड्याला भांडं लागत नसे.

आणि चातुर्मासात तर शब्दही शब्दाला लागत नसे.

बारा वर्षांपूर्वी त्र्यंबकच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. दृष्टी कडांकडून विझत जाईल, डॉक्टर म्हणाले, आणि एक दिवस मधोमध येऊन संपेल. चित्रकाराची दृष्टी! त्या संध्याकाळी सांजवात लावताना वेणूने देवापुढे पदर पसरला. माझी वाणी घे, म्हणाली, त्यांची दृष्टी ठेव.

सौदा साधा होता, सोवळा होता. बारा चातुर्मास. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, रोज, पहाटेच्या स्नानापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन. शब्द नाही, खूण नाही, हुंकार नाही. मान हलवणं नाही. लिहून सांगणंही नाही. कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच. आणि एकदा जरी मोडलं, तरी मागचं सारं पुसलं गेलं. पुन्हा पहिलं वर्ष, पहिला दिवस.

अकरा चातुर्मास गेले. बारावाही सरत आला. एकवीस दिवसांनी कार्तिकी. उद्यापनाच्या सवाष्णी सांगून झाल्या होत्या.

आणि डोळे टिकले होते. डॉक्टर म्हणत, थेंबांचा गुण. ते थेंब दिवसातून तीनदा वेणूच घाली, आणि गुण कुणाचा ते मनात ठेवी. दारावरची भाजीवाली शेवंता टोपली उतरवताना म्हणे, “काकू, तुमचं चार म्हैने म्हंजी माझीच पंचाईत. तुमी भांडत न्हाई, तर मला मेथी इकल्यावानी वाटतच न्हाई बगा.” वेणू तिच्याकडे नुसती पाही. पाहणं व्रतात वर्ज्य नव्हतं.

पाहणं हेच तर तिचं दुसरं, कुणालाही न सांगितलेलं व्रत होतं.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला फाटकाशी गाडी थांबली. मुंबईहून गौतमी शेजवलकर आली होती. त्र्यंबकच्या साऱ्या आयुष्याच्या चित्रांचं एक मोठं प्रदर्शन ती मांडत होती. तिशीची, चपळ, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारी मुलगी.

“सर, तुमचं झाड सगळ्यांनी पाहिलंय,” ती म्हणाली. “मला मुळं हवीत. विशीतलं काम. अमूर्ताकडे वळायच्या आधी तुम्ही अतिवास्तव शैलीत काढत होतात, असं एका जुन्या अंकात वाचलं मी.”

“मुळं उकरली की झाड मरतं, बाई,” त्र्यंबक म्हणाला. पण त्याचा चेहरा खुलला होता. “असेल कुठेतरी. माळ्यावर. की वाळवीने खाल्लं, देव जाणे.”

देवही जाणत होता, आणि वेणूही.

ती काही न बोलता आत गेली आणि लाकडी पेटीतून खादीच्या रुमालात बांधलेलं एक बासन घेऊन आली. वाळवीने काय खाल्लं असतं? दर आश्विनात, पोथ्यांना आणि पैठणीला ऊन दाखवताना, ती या बासनालाही ऊन दाखवत आली होती. डांबराच्या गोळ्या बदलत आली होती. ज्याचा द्वेष करावा त्याला कसर लागू द्यावी, एवढं साधं काम तिला चव्वेचाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

गाठ सुटली. पिवळट कागदांची चळत उलगडली. आणि आकार नसलेल्या त्या खोलीत एकाएकी आकारांची झुंबड उडाली.

माणसं होती ती. पण कसली माणसं! एकाच्या खांद्यावर डोक्याऐवजी जळता कंदील, आणि कंबरेखाली शिडात वारा भरलेलं गलबत. एका स्त्रीचा अंबाडा म्हणजे मधमाश्यांचं पोळं, आणि तिच्या निऱ्यांमधून पायऱ्या उतरत गेलेल्या, खोल, ओल्या, एखाद्या बारवेच्या. एक वृद्ध, ज्याच्या दाढीत चिमण्यांनी घरटी केलेली, आणि ज्याचे पाय म्हणजे नांगराचे दोन फाळ, काळ्याभोर नभात रुतलेले. स्वप्नाने स्वप्नाला जन्म द्यावा, तशी ती चित्रं. भीषण आणि भोळी. हसवणारी आणि घशाशी येणारी.

प्रत्येक कागदावर, मधोमध, एक आडवी घडी होती.

त्या घडीकडे वेणूची नजर गेली, आणि तिथेच अडकली. दर वर्षी अडकत असे तशी.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी माझगावला, बंदराच्या अंगाला, त्यांची दोन खिडक्यांची खोली होती. लग्नाला चार महिने झालेले. वेणू बावीस वर्षांची, हळदीचा वास अजून न गेलेली. खिडकीतून आगबोटींचे भोंगे येत, खारा वारा येई, आणि रोज दुपारी एस्तेर येई.

एस्तेर वाकरूळकर. त्र्यंबकच्या कलाशाळेतली. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, मूळची पेणकडची. बोलणं थेट अलिबागच्या वाडीतलं. उंच, सावळी, वाऱ्यावर वाढलेल्या सुरूसारखी. अंगठ्याला कायम शाई.

“वैनी,” ती दारातूनच हाक मारी, “आलं घातलंय ना चहात? मग मी दोन कप पिणार, आधीच सांगून ठेवते!”

आणि मग ते दोघे खेळत. घडीचा खेळ.

त्र्यंबक कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात काढी. माथा, मान, खांदे, छाती. मग कागद दुमडून ते सारं मागे लपवी. फक्त दोन रेषांची टोकं घडीपलीकडे डोकावत. केसाएवढी, तांदळाच्या कणीएवढी. वर काय आहे ते एस्तेरला ठाऊक नसे. तिला दिसत ती दोन टोकंच. त्या दोन टोकांना ती आपली लेखणी लावी, आणि खाली उतरत जाई; कंबर, मांड्या, पाय, आणि पायांखालची जमीन.

मग घडी उलगडायची. आणि जोड सापडत नसे.

हीच तर वेणूची वेदना होती. जोड सापडत नसे. न पाहता, न सांगता, न विचारता, त्याच्या रेषेच्या टोकातून तिची रेषा उगवत असे. जणू एकाच श्वासाने ओढलेली, एकाच स्वप्नात पाहिलेली. कागद उलगडताच दोघे एकाच वेळी, एकाच सुरात हसत. आणि वेणू चहाचे कप घेऊन दाराशी उभी असे. चहावर साय धरे. सायीवर सुरकुती पडे.

त्यांनी कधी एकमेकांच्या हाताला हात लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. वेणू रडली असती, भांडली असती, माहेरी वाईला निघून गेली असती. आणि कुणीतरी समजूत काढून तिला परत आणलं असतं. पण दोन रेषांच्या टोकांबद्दल माहेरी काय सांगायचं? कुठल्या तोंडाने सांगायचं, की माझ्या नवऱ्याची रेघ परक्या बाईच्या रेघेला लागते?

एकदा, फक्त एकदा, तिने धीर केला. “मला द्याल का एखादी घडी? मीही काढून बघते.”

“तुझ्या रांगोळ्या छान असतात की गं,” त्र्यंबक म्हणाला. प्रेमाने म्हणाला. तेच तर. रागाने म्हणाला असता तर काटा केव्हाच निघून गेला असता.

आणि एस्तेर? तिचा धड द्वेषही करता येत नसे. शुक्रवारी ऊन उतरलं, की ती अर्धी रेघ तशीच सोडून लेखणी खाली ठेवी. “झालं. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत हा हात माझा नाही, देवाचा,” असं म्हणे. त्र्यंबक चिडे, विनवी, थट्टा करी. ती ढळत नसे. त्या खोलीत तिचं ते व्रत कुणाला कळलं असेल, तर ते दाराशी उभ्या असलेल्या वेणूलाच. जिचा मत्सर करावा, तिच्यात आपलीच सवय दिसावी, यासारखी अडचण नाही.

मग दुसऱ्या वर्षी एस्तेरच्या घरचे सारे इस्रायलला निघाले, आपल्या माणसांच्या देशात. ती बोटीने गेली. पत्र आलं नाही. की आलं आणि हरवलं, कुणास ठाऊक.

ती गेल्यावर त्र्यंबकने एक कागद घेतला. वरचा अर्धा भाग काढला. घडी घातली. दोन टोकं पलीकडे सोडली. तो कागद आठ दिवस टेबलावर पडून होता. खालचा भाग कोराच राहिला.

त्यानंतर त्याने आकृती काढली नाही. कधीच नाही. सातारच्या शाळेत ड्रॉइंगमास्तरची नोकरी धरली, उत्तरेची खोली बांधली, आणि कापडावर नुसते रंग पसरायला सुरुवात केली. लोकांनी त्याला विकास म्हटलं, साधना म्हटलं, मौन म्हटलं. वेणूला मात्र पहिल्या कापडापासून ठाऊक होतं ते काय आहे. घडीखालचा तो कोरा भाग होता तो. तोच वाढत वाढत भिंतीएवढा झाला होता. लांबलांबून आलेले लोक ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहत, ती एका बाईची गैरहजेरी होती.

आणि त्या गैरहजेरीसाठी सरस कुणी शिजवला? कापडं कुणी ताणली? ब्रश कुणी धुतले?

मत्सर असा असतो. तो ज्वाला नसतो. तो देवघरातल्या नंदादीपासारखा असतो. लहान, स्थिर, रोज तेल घालून जपलेला. वेणूने सासूची सेवा केली, दोन मुली वाढवल्या, उजवल्या, असंख्य सोमवार केले. आणि उरात, सगळ्या नैवेद्यांच्या मागे, तो एक दिवा विझू दिला नाही.

“सर, हे काय आहे!” गौतमीचा आवाज कापत होता. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि भिंगातून कागद पाहत होती. “ही रेघ बघा ना. वर अशी नाजूक, बावरलेली. आणि कंबरेपासून खाली एकदम धीट होते! या बारवेच्या पायऱ्या... आपल्याकडे तेव्हा असं कुणी काढत नव्हतं, सर. मुखपृष्ठावर हेच जाणार.”

“हो का?” त्र्यंबकने कागद डोळ्यांजवळ नेला. “बरं आहे नाही? मीच विसरलो होतो.”

“एक फक्त नोंदीसाठी विचारते. हे सगळं तुमच्या एकट्याच्याच हातचं ना?”

वेणू दाराशी उभी होती. हातात कपांचं तबक होतं.

“मग काय शेजाऱ्याच्या?” त्र्यंबक हसला. “तेव्हा होतंच कोण? चार टाळकी यायची खोलीवर, चहा ढोसायची, जग बदलायच्या गप्पा हाणायची. हाताने काम करणारा मी एकटाच.”

वेणूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलताना तो डाव्या कानाची पाळी चोळतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. हात मांडीवर होता. नजर स्वच्छ होती. आश्विनातल्या त्या निरभ्र उन्हासारखी.

तो खोटं बोलत नव्हता. तो विसरला होता.

प्रथम आला तो आनंद. लाज वाटावी असा, तापल्या पोळीवर तुपाचा गोळा वितळत जावा तसा, चव्वेचाळीस वर्षांच्या रुक्षपणावर पसरत गेलेला आनंद. गेली! बोटीने गेली तेव्हा गेली नव्हती, ती आत्ता गेली. न भांडता, न बोलता, न पाप करता, वेणू जिंकली होती. त्यानेच आपल्या हाताने ती पुसून टाकली होती. चार टाळकी. चहा ढोसणारी.

आणि त्या आनंदाच्या तळाशी हात लागताच तो गार लागला.

कारण तो विसरला होता, तर मग इतकी वर्षं ती कुणाकडे होती?

तिचा शाईचा अंगठा, तिचं सुरूसारखं उभं राहणं, घडीच्या टोकाला लेखणी लावण्यापूर्वी तिने घेतलेला एक लहानसा श्वास. हे सारं कुणी जपलं? ज्याने जीव लावला त्याने हरवलं होतं. जिचा जीव जळला तिने सांभाळलं होतं. साऱ्या पृथ्वीवर, या घटकेला, एस्तेर वाकरूळकरच्या रेषेची साक्षीदार एकच उरली होती. आणि ती तिची वैरीण होती, आणि ती मौनात होती.

“काकू!” गौतमीने मान वर केली. “तुम्ही होतात ना तेव्हा तिथे? तुम्हाला काही आठवतंय?”

“तिला नको विचारू,” त्र्यंबक म्हणाला. “मौन आहे तिचं. नैवेद्य होईपर्यंत ती देवाची, मग माझी. तशी मग तरी कुठे फारसं बोलते म्हणा! म्हणून तर संसार टिकला.”

“अय्या, सॉरी काकू!” गौतमीने जीभ चावली. मग ती आपल्या वहीकडे वळली. “पण काकू काही म्हणत नाहीयेत, म्हणजे बरोबरच असणार. लिहिते मी. ‘सर्व रेखाटनं, त्र्यंबक देवस्थळी.’ आज संध्याकाळी यादी छापायला जातेय, सर. मला अकराला निघायलाच हवं.”

घड्याळात साडेदहा झाले होते. चुलीवर नैवेद्याचा भात रटरटत होता. दीड तास. दीड तासाने तिला जीभ मिळणार होती.

मग काय हरकत होती? नैवेद्य झाला की फोन करता आला असता. टेबलावर त्या मुलीचं कार्ड होतं, कार्डावर नंबर होता. व्रतही राहिलं असतं, सत्यही राहिलं असतं.

पण वेणू स्वतःला ओळखत होती. रोज पहाटे काळोखात डोळे मिटून बसणाऱ्या बाईला आपलं मन आतून बाहेरून ठाऊक असतं. दुपारी तिला जीभ मिळाली असती, पण हे मन मिळालं नसतं. दुपारी तो दिवा म्हणाला असता, आज राहू दे, उद्या कर. उद्या म्हणाला असता, आता छापून झालं. परवा म्हणाला असता, कोण कुठली ती. आणि कार्तिकीला तिने सवाष्णींच्या ओट्या भरल्या असत्या, बारा वर्षांच्या निष्कलंक मौनाची सांगता केली असती. आणि त्या मौनाच्या पोटात एका बाईचा हात पुरलेला असता.

तिने देवघराकडे पाहिलं. तू तरी सांग.

पण तो निजलेला होता. आषाढीला निजलेला, कार्तिकीला उठणारा, शेषाच्या शय्येवर, क्षीराच्या सागरात, चार महिन्यांच्या निश्चिंत निद्रेत. या चार महिन्यांत माणसाने आपापलंच ठरवायचं असतं.

माझी वाणी घे, त्यांची दृष्टी ठेव. तो करार तिला आठवला. आणि वाणी परत घेतली, तर? चष्म्याआडचे ते थकले, धूसर, तिने थेंबाथेंबाने जपलेले डोळे? तबकातले कप किणकिणले. त्या घरात भांड्याला भांडं लागलं.

गौतमी कागद गोळा करू लागली होती. बासनाला गाठ पडणार होती.

“थांब,” वेणू म्हणाली.

पहाटेपासून न वापरलेला आवाज खरखरीत निघाला, वरवंटा पाट्यावर घासल्यासारखा. दोघांनीही दचकून वर पाहिलं.

“कंबरेखालचं ह्यांचं नाही. घडीच्या वरचं ह्यांचं, खालचं एस्तेरचं. सगळ्या कागदांवर. एस्तेर वाकरूळकर. तिचं नाव घाल.”

खोलीतले रंग जणू भिंतींकडे सरकले. गौतमीचं पेन हवेतच राहिलं.

“वेणू!” त्र्यंबक अर्धवट उठला. त्याला पहिलं दिसलं ते चित्र नव्हे. “अगं, तुझं मौन! बारा वर्षं... एकवीस दिवस राहिले होते गं!”

त्याला दिवस ठाऊक होते. तो मोजत होता. वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट ती ताठ उभी राहिली.

“मोडलं,” ती म्हणाली. “ते मी बघेन. आषाढीला पुन्हा पहिल्यापासून. आधी त्या मुलीला लिहू द्या.”

“पण एस्तेर... कोण एस्तेर?”

“उंच होती. सावळी. आपल्या माझगावच्या खोलीत यायची, रोज. तुम्ही वरचं काढून कागद दुमडून द्यायचात. ती न बघता खालचं काढायची.”

“तुला कसं ठाऊक?”

वेणू क्षणभर गप्प राहिली. ते मौन मात्र व्रताचं नव्हतं.

“मी बघत होते,” ती म्हणाली.

तीन शब्द. चव्वेचाळीस वर्षांची साय त्यांच्यावर धरली होती. त्र्यंबक तिच्याकडे पाहत राहिला. घरातल्या बाईकडे पाहतात तसं नव्हे, ऐन उन्हात एखादा अनोळखी रंग समोर यावा तसं.

“विश्वास नसेल, तर कागद उलटा करा,” ती म्हणाली. “तुमची रेघ वरच्यावर असते, तरंगती. तिची दाबून असायची. मागे उमटायची. हात लावून बघा.”

त्र्यंबकने तो बारवेचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला. कोरी, पिवळी पाठ. त्याने त्यावर बोटं टेकवली.

आणि डोळे मिटले.

वेणूने देवघराकडे पाहिलं. इतक्यात? इतक्या लवकर वसुली? पण नाही. ते विझणं नव्हतं. दाराला आतून कडी लावून माणूस काही शोधायला बसतो, तसं ते मिटणं होतं. त्याची तर्जनी कागदाच्या पाठीवर चाचपडली, एका चरीत उतरली, आणि त्या चरीतून पायरी पायरी खाली जाऊ लागली.

घड्याळाचा लंबक हलत होता.

“डावखुरी होती,” तो म्हणाला.

अगदी हळू. जणू कुणाला जाग येऊ नये म्हणून.

“हो,” वेणू म्हणाली.

“रेघ उजवीकडून यायची... अंगावर आल्यासारखी...” आणि त्याच्या मिटल्या पापण्यांखाली काहीतरी हललं, आणि वृद्ध, सुरकुतल्या, श्रांत चेहऱ्यावर, ओठांच्या कोपऱ्यातून, एक विशीतलं, वेडं, खाऱ्या वाऱ्याचं हसू उमलत आलं.

ते हसू वेणूला ओळखीचं होतं. कप हातात घेऊन, दाराशी उभं राहून, तिने ते शेकडो वेळा पाहिलं होतं. तिच्याकडे पाहून ते कधी उमललं नव्हतं. आजही नव्हतं. पण आज ते तिनेच आणलं होतं. आपली बारा वर्षं मोडून, आपल्या खरखरीत आवाजाने, आपल्या हाताने त्याच्या ओंजळीत घातलं होतं.

आणि उरातला तो लहान, स्थिर दिवा, वाटलं होतं आता शांत होईल, तो भडकून उंच झाला. असा, की डोळ्यांना झळ लागावी. असा, की उभं राहवू नये.

तिने तबक खाली ठेवलं आणि ती त्याच्या शेजारी, जमिनीवर, बसली.

गौतमीने वहीत पहिल्या नावापुढे दुसरं नाव लिहिलं. खिडकीतून वाऱ्याची एक लकेर आली, उतारावरच्या वाळत्या गवताचा वास घेऊन आली, आणि त्र्यंबकच्या मांडीवरच्या कागदाचं एक टोक फडफडून वर उचललं गेलं. त्याचं बोट चरीतून निसटलं. ते आंधळ्यासारखं रेघ शोधू लागलं.

वेणूने हात पुढे केला. कागदाचं ते टोक तिने आपल्या तर्जनीखाली दाबून धरलं. घट्ट धरलं, स्थिर धरलं, नख पांढरं पडेपर्यंत धरलं. आणि त्याचं बोट पुन्हा त्या दुसरीच्या रेषेत उतरलं, उतरत राहिलं, हळू, हळू, पायरीमागून पायरी, थेट पाण्यापर्यंत.